पोट हिरवं का पडतं? कायोटीच्या कातड्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, आम्ही कॅनडात, दक्षिण आल्बर्टात गुरं सांभाळतो. गोठ्याभोवती फिरणारे चार कायोटी (कोल्ह्या-लांडग्याच्या कुळातलं इथलं रानटी जनावर) डिसेंबरात एकाच संध्याकाळी मारले, दुसऱ्या दिवशी दुपारी सोलले. फर घेणाऱ्याने त्यातली दोन कातडी बाजूला काढली. पोट हिरवट पडलं होतं आणि केस चिमटीत येत होते. बाहेर उणे 18 अंश असताना कातडं कुजलं कसं?

उत्तर : थंडी बाहेर होती, जनावराच्या आत नव्हती. कायोटीची डिसेंबरातली फर इतकी दाट असते की ती अंगातली ऊब तासन्‌तास कोंडून धरते. चारही जनावरं पिकअपमध्ये एकावर एक टाकली होती का? चारातली दोनच खराब झाली, म्हणून मला हीच शंका येते. खाली दबलेल्यांची पोटं रात्रभर कोमट राहिली असणार. जनावर मेलं तरी आतड्यांतले जंतू थांबत नाहीत. पोटाचं कातडं आधीच पातळ, त्यामुळे सडणं तिथून सुरू होतं आणि केसांची मुळं सुटतात. गोळीने आतडं फुटलं असेल तर हे आणखी लवकर होतं. एकदा हिरवं पडलं की त्यावर इलाज नाही.

म्हणून जनावर ऊबदार असतानाच सोला. तेव्हा कातडं सुटतंही सहज, निम्मं काम नुसत्या मुठीने होतं. त्याच रात्री जमणार नसेल तर प्रत्येक जनावर वेगळं टांगा, हवा चारी बाजूंनी लागू द्या. दगडासारखं गोठलेलं जनावर मात्र शेगडीजवळ आणू नका. खांदे वितळायच्या आत पोट सडायला लागतं. थंड खोलीत, लागेल तेवढा वेळ देऊन वितळवा.

आता सोलण्याविषयी. मी सास्काचेवानमध्ये 19 वर्षं आहे. हे काम मला शेजारच्या म्हाताऱ्या ट्रॅपरनी, म्हणजे सापळे लावून फरीची जनावरं धरणाऱ्यांनी, शिकवलं, आणि ते सुरी हातात द्यायच्या आधी कंगवा द्यायचे. फरीत अडकलेले गोखरू, चिखल, वाळलेलं रक्त आधी काढायचं, नाहीतर पुढे कातडं खरवडताना त्या गाठीवर पातं चढतं आणि भोक पडतं. मग जनावर मागच्या पायांनी टांगायचं. टाचेपासून गुदद्वारापर्यंत मांडीच्या मागच्या बाजूने, जिथे पाठीचा आणि पोटाचा रंग वेगळा होतो त्या रेषेवरून चीर द्यायची. पोटावर चीर नाही. कायोटीचं कातडं पायमोज्यासारखं अखंड उतरवतात. शेपटीतलं हाड ओढून काढा आणि मग शेपटी खालच्या बाजूने टोकापर्यंत चिरा. ही चीर पुष्कळ जण टाळतात आणि आठवड्याने शेपटीचे केस झडलेले बघून हळहळतात. कान कवटीला चिकटून कापा, डोळ्यांपाशी पातं हाडालगत ठेवा, ओठ आणि नाक कातड्यावरच राहू द्या.

हातमोजे घालाच. आल्बर्टातल्या कायोटींमध्ये एकायनोकॉकस हा फीतकृमी सापडलेला आहे. त्याची अंडी विष्ठेतून येतात, म्हणजे गुदद्वाराभोवतीच्या केसांवरही असू शकतात. माणसाच्या यकृतात तो फार वाईट आजार करतो. घरातल्या फ्रीझरच्या थंडीने ती अंडी मरत नाहीत, त्यामुळे ‘गोठवलं होतं’ म्हणून निर्धास्त होऊ नका.

प्रश्न : वाळवायच्या फळीवरचं कातडं केस बाहेर येतील असं उलटताना खांद्यापाशी तडकतं. मी उशीर करतो की घाई? (मॅनिटोबा)

उत्तर : उशीर. माझी पहिली तीन कातडी अशीच गेली. लवकर वाळावीत म्हणून मी ती तळघरात भट्टीशेजारी ठेवली. सकाळी पापडासारखी कडक. उलटायला गेले तर तिन्ही चिरली, आणि भट्टीच्या बाजूची चरबी कातड्यात मुरून पिवळी झाली होती ती वेगळीच. त्या दिवशी मला खरोखर अपराधी वाटलं. जनावर मारलं होतं, आणि त्याचं काहीच केलं नव्हतं.

क्रम असा ठेवा. मानेवरचं आणि खांद्यावरचं मांस, चरबी, पापुद्रे बीमवर, म्हणजे कातडं खरवडायच्या गोल पाठीच्या लाकडावर, खरवडून काढा. डोक्याकडून शेपटीकडे जा, आणि जोर बेताचा. जास्त खरवडलं तर आतून केसांची मुळं कापली जातात. गोळीची भोकं आतल्या बाजूने शिवून टाका. रक्त असेल तर गार पाण्यात धुवा, पिळा, आणि फर पंख्याच्या वाऱ्यावर पूर्ण कोरडी होऊ द्या. मग केस आत, कातडं बाहेर असं फळीवर चढवा. पाठ एका बाजूला, पोट दुसऱ्या बाजूला, डोळे मधोमध. ताण हवा, पण लांबीच्या मोहाने ओढाल तर फर विरळ दिसते. पोटाखाली लाकडी पाचर सरकवून ठेवा, म्हणजे आकसलेलं कातडं फळीला धरून बसत नाही.

उलटायची वेळ घड्याळावर ठरवू नका, बोटांनी ठरवा. पाठ कागदासारखी कोरडी लागते, बोटाला चिकटत नाही, पण काख आणि ओठ अजून मऊ असतात. तीच वेळ. माझ्या 15 अंशांच्या खोलीत पंख्यासमोर संध्याकाळी चढवलेलं कातडं बहुधा सकाळी उलटतं. तुमच्या खोलीत वेगळं होईल, म्हणून पहिल्या रात्री झोपण्याआधी एकदा हात लावून बघा. फक्त खांदे कडक झाले असतील तर ओलं फडकं तिथे थोडा वेळ ठेवा, मऊ पडतात. उलटल्यावर केस बाहेर ठेवून पुन्हा फळीवर, पुढचे पाय बाहेर काढून, काही दिवस. शेवटी ब्रश फिरवा.

प्रश्न : कातड्याला लावायला मीठ की बोरॅक्स (टाकणखार)?

उत्तर : फर घेणाऱ्यासाठी दोन्ही नको. त्यांना हवेवर वाळवलेलं कातडं हवं असतं. मीठ भुसा भरून जनावर उभं करणाऱ्यांसाठी किंवा थेट कमावायला पाठवताना.

प्रश्न : भाव पडले आहेत असं सगळे म्हणतात. मग एवढी मेहनत करावी का? (सास्काचेवान)

उत्तर : भाव पडले हे खरं. कायोटीची मागणी मुख्यतः पार्काच्या, म्हणजे जाड हिवाळी कोटाच्या, टोपीच्या कडेवर उभी होती. असे कोट करणाऱ्या कॅनडा गूज कंपनीने 2021 मध्ये फर बंद करायचं जाहीर केलं. त्याआधी 2019 च्या अखेरीस नॉर्थ अमेरिकन फर ऑक्शन्स ही फरींचा लिलाव करणारी कंपनी धनकोंपासून संरक्षण मागायला न्यायालयात गेली होती. विकायला ऑन्टॅरिओत नॉर्थ बे गावी फर हार्वेस्टर्सचा लिलाव आहे, आणि फिरते खरेदीदारही असतात.

फक्त कातड्यासाठी मारत असाल तर मी थांबा म्हणेन. फर भरलेली नसताना, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्याआधी, आणि फेब्रुवारीत पाठ घासून केस तुटल्यावर, त्या कातड्याला कोणी विचारत नाही. खरूज लागलेल्याचं तर काहीच होत नाही. पण वासरांसाठी जनावर मारावंच लागलं आणि फर भरलेली असेल, तर कातडं वाया घालवू नका. आपल्या प्रेअरीवरच्या (पश्चिमेकडच्या गवताळ मैदानांवरच्या) फिक्या, दाट फरीच्या कायोटींना पूर्वेकडच्यांपेक्षा चांगला भाव मिळत आला आहे. परवान्याचे नियम प्रांताप्रांतात वेगळे आहेत, ते आधी बघा.

फळी, बीम, वेळ यातलं काही नसेल तर सोलून, थंड करून, कातडं आत आणि केस बाहेर अशी घट्ट गुंडाळी करा, पिशवीत बांधून गोठवा आणि तसंच कच्चं विका. पैसे कमी मिळतील. पण आधी खरेदीदाराला फोन करा, काही जण कच्चा माल घेत नाहीत.