वाचकांचे प्रश्न : नोटीस लागलेला वाडा

प्रश्न : सांगलीच्या गावभागातील एका जुन्या वाड्यात आम्ही सात भाडेकरू कुटुंबे राहतो. प्रत्येकाचे भाडे महिना 150 रुपये आहे. 2019 च्या महापुरात तळमजल्यावर पाणी शिरले, तेव्हापासून मागची मातीची भिंत फुगली आहे. मालक परगावी असतात आणि दुरुस्तीचे नाव काढीत नाहीत. यंदा महापालिकेने ‘धोकादायक इमारत’ अशी नोटीस दारावर लावली. महापालिका दुरुस्ती करून देईल, की आम्हाला घर सोडावे लागेल?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मुंबईतील उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी वेगळा कर भरणाऱ्या जुन्या) इमारतींची दुरुस्ती म्हाडाचे दुरुस्ती मंडळ करते, त्यामुळे आपल्याकडेही तशी सोय असेल असे पुष्कळांना वाटते, परंतु ते मंडळ मुंबईपुरतेच आहे. तुमचा वाडा खासगी असल्याने महापालिकेच्या खर्चाने तो दुरुस्त होईल, ही अपेक्षा ठेवू नये. मात्र नोटीस लागली म्हणजे घर गेले, असेही नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 264 नुसार आयुक्त धोकादायक बांधकाम पाडायला सांगू शकतात, तसे ते सुरक्षित किंवा दुरुस्त करायलाही सांगू शकतात. तेव्हा नोटिशीत यांपैकी काय लिहिले आहे, ते आधी नीट वाचावे.

शासनाच्या वर्गवारीत सी-1 इमारत रिकामी करून पाडायची असते, सी-2 ए रिकामी करून दुरुस्त करायची, तर सी-2 बी न सोडता दुरुस्त करता येते. हा वर्ग संरचनात्मक तपासणीवरून ठरतो, आणि कलम 265 अ प्रमाणे 30 वर्षांपेक्षा जुन्या इमारतीची तपासणी मालकाप्रमाणेच भोगवटादाराने, म्हणजे तिथे राहणाऱ्यानेही करून घ्यायची असते. म्हणजे मालकाची वाट न पाहता तुम्ही सातजण वर्गणी काढून महापालिकेकडे नोंदणी असलेला अभियंता नेमू शकता.

अभियंता निवडताना त्याने मातीच्या भिंतींची आणि लाकडी तुळयांची कामे केली आहेत का, हे अवश्य विचारा. काँक्रीटची ताकद पाहण्याचा रिबाउंड हॅमर मातीच्या भिंतीवर आपटून काय कळणार? अशा वाड्यात तुळईचे भिंतीत गाडलेले टोक तपासावे लागते. तिथे पेचकस सहज आत गेला तर लाकूड कुजले आहे. पुरानंतर कोणी मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला असेल, तर आतली ओल बाहेर पडत नाही आणि भिंत आतून भुसभुशीत होत जाते. तो गिलावा खरवडून चुन्याचा करणे, कुजलेले टोक बदलणे आणि फुगलेला भाग टप्प्याटप्प्याने उतरवून पुन्हा रचणे एवढ्याने काही वाडे सावरतात, पण तुमचा त्यांत बसतो का हे पाहणीनंतरच कळेल.

खर्चाची बाजू मात्र अवघड आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 14 प्रमाणे दुरुस्ती मालकाने करायची असते. नोटीस दिल्यावर 15 दिवसांत त्याने ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतात, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. तुमच्या बाबतीत ही रक्कम दरवर्षी प्रत्येकी 450 रुपये होते. त्यात गवंड्याची एक दिवसाची मजुरीही भागणे कठीण. म्हणून मालकाला रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवाच, परंतु तपासणीचा अहवाल जोडून आयुक्तांकडे कलम 264 खाली मालकाला दुरुस्तीचा आदेश देण्याची लेखी मागणीही करा. माझ्या मते तुमचा खरा आधार हाच आहे, आणि भाडेकरू नेमका तोच अर्ज करीत नाहीत.

घर सोडण्याची वेळ आलीच, तर कोण कोणत्या खोलीत राहते आणि तिचे क्षेत्रफळ किती, याची नोंद महापालिकेकडून लेखी घेतल्याशिवाय निघू नका. केवळ इमारत पाडल्याने भाडेहक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये स्पष्ट केले आहे. पण कागद नसेल तर तो हक्क सिद्ध करताना वर्षे जातात. शिवाय वाडा पूररेषेत येत असेल, तर पाडल्यानंतर नव्या बांधकामाला जादा अटी लागतात. मालकाशी बोलताना ही गोष्टही त्यांच्या कानावर घाला.

निर्णय होईपर्यंत मागच्या भिंतीलगतच्या खोल्यांत कोणी झोपू नये, आणि अभियंत्याला विचारून त्या भिंतीला पावसाआधी टेकू द्यावेत.