चवथीपर्यंत थांबू नका

प्रश्न : माझ्या सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. गेले काही महिने सांधे दुखतात, बारीक ताप असतो, नाकातून रक्ताच्या खपल्या पडतात. आता पाय सुजले, पिंडऱ्यांवर लाल ठिपके आले. किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन महिन्याभरात १.२ वरून २.६ झालं. लघवीत प्रथिनं आणि रक्त आहे, रक्ताची ‘एएनसीए’ तपासणी पॉझिटिव्ह आली. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किडनीची बायोप्सी, म्हणजे सुईने तुकडा काढून तपासणी, सांगितली आहे. घरचे म्हणतात, गणपतीची चवथ होऊ दे, या वयात सुया कशाला टोचायच्या?
– एक सून, साखळी

उत्तर : ताई, चवथीची वाट बघू नका, याच आठवड्यात बांबोळीला गोमेकॉत जा. वयामुळे किडनी मंदावते ती वर्षानुवर्षं, महिन्याभरात क्रिएटिनिन दुप्पट होत नाही. आणि सासूबाई अंगाने बारीक असतील, तर आधीचं १.२ही नॉर्मल धरू नका. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. वयाबरोबर स्नायू झडतात, म्हणून आकडा बरा दिसतो आणि किडनी मात्र त्याहून जास्त बिघडलेली असते.

ही लक्षणं आणि पॉझिटिव्ह ‘एएनसीए’ पाहता हा बहुधा ‘एएनसीए व्हॅस्क्युलायटिस’ असावा. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच बारीक रक्तवाहिन्यांवर उलटते. नाक, कातडी, फुप्फुसं आणि किडनीतल्या गाळण्या, सगळीकडे सूज येते. हा साठी-सत्तरीतच जास्त आढळतो आणि नेमकी तिथेच फसगत होते. सांधे दुखले की वात, नाकातून रक्त आलं की उष्णता, पाय सुजले की बीपीची गोळी! म्हाताऱ्या माणसाचं दुखणं असं वयाच्या खात्यावर टाकलेलं पाहिलं की मला फार वाईट वाटतं.

बायोप्सीत पालथं झोपवतात, जागा बधिर करतात आणि सोनोग्राफीत बघत सुईने दोन-तीन बारीक तुकडे काढतात. नंतर लघवी थोडी लालसर होऊ शकते. मोठा रक्तस्राव क्वचित होतो. ॲस्पिरिन चालू असेल तर आधी सांगा. किती गाळण्या ताज्या सुजल्यात आणि किती कायमच्या वाळल्यात, ते त्या तुकड्यांत दिसतं. ताजी सूज औषधाने उतरते, वाळलेली गाळणी परत येत नाही. म्हणून तर घाई.

उपचार म्हणजे उलटलेली प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं : स्टिरॉइड आणि सोबत रिटुक्सिमॅब किंवा सायक्लोफॉस्फामाइड. वय आणि किडनी पाहून डोस ठरवतात. या औषधांवर असताना साधा ताप आला तरी त्याच दिवशी दाखवा.

सांधेदुखीची डायक्लोफिनॅकसारखी गोळी आजच बंद करा. किडनीला चांगलं म्हणून शहाळ्याचं पाणी देत असाल तर तेही थांबवा, पोटॅशियम वाढतं. पेजेबरोबर खारातली तोरं (मिठातल्या कैऱ्या) नकोत. खोकल्यातून रक्त आलं, दम लागला किंवा लघवी कमी झाली, तर मध्यरात्र असली तरी कॅज्युअल्टीत न्या.