अमेरिकेचं तेल, निर्यात आणि फॉरवर्ड : वाचकांचे प्रश्न

अमेरिकेत पेट्रोल महागलं की तेच तेच प्रश्न पुन्हा येतात. रिफायनरीत उमेदीची वर्षं काढली, तेवढ्या बळावर उत्तरं देतो.

प्रश्न : बातम्यांतलं एक पिंप म्हणजे किती? (सातारा)

42 अमेरिकी गॅलन, सुमारे 159 लिटर.

प्रश्न : फॉरवर्ड आलाय, अमेरिकेत कच्च्या तेलाच्या निर्यातीवर बंदी आहे ना? (न्यू जर्सी)

होती. 1975 ते डिसेंबर 2015. तुमचा फॉरवर्ड शिळा आहे.

प्रश्न : इथे इतकं तेल निघतं, तरी ते बाहेर विकायचं आणि बाहेरचं आणायचं, हा वेडेपणा नाही का? पुन्हा बंदी येईल म्हणतात. माझा ट्रकचा धंदा आहे. डिझेलचा वार्षिक करार थांबवून ठेवू? (ह्यूस्टन)

सगळं तेल सारखंच, असं धरलं की वेडेपणा वाटणारच. टेक्सास-न्यू मेक्सिकोच्या पर्मियन खोऱ्यातलं शेल तेल (घट्ट खडकात अडकलेलं) हलकं, गंधक कमी. तुमच्या आखाती किनाऱ्यावरच्या बऱ्याच रिफायनऱ्यांनी मात्र शेलची लाट येण्याआधीच व्हेनेझुएला-मेक्सिकोच्या जड, गंधकी तेलासाठी अब्जावधी डॉलर घालून कोकर बसवले. ऊर्ध्वपातनानंतर तळाशी उरलेला डांबरासारखा माल कोकर तोडतो आणि त्यातून डिझेलजोगा माल काढतो. हलक्या तेलात हा तळच थोडा. कोकर अर्धपोटी राहतो आणि ऊर्ध्वपातनाच्या मनोऱ्याच्या वरच्या भागात नाफ्था (पेट्रोलजोगा हलका माल) न् वायू झेपेनासा होतो. मिश्रण करून भागतं, पण एका मर्यादेपर्यंतच. म्हणून हलकं विकतात, जड आणतात.

आता बंदीने डिझेल स्वस्त होईल का, ते. जुन्या बंदीच्या शेवटच्या वर्षांत पेट्रोल-डिझेल बाहेर धाडायला मोकळीकच होती. 2011 मध्ये ओक्लाहोमातल्या कुशिंग या साठवण केंद्राहून तेल बाहेर काढायला पाइपलाइन अपुरी पडली आणि अमेरिकी तेल ब्रेंटपेक्षा (जागतिक भाव ज्यावरून ठरतो ते तेल) पिंपामागे 20 डॉलरहून जास्त स्वस्त झालं. पंपावरचा भाव तरीही ब्रेंटच्याच मागे गेला. मधला फरक रिफायनऱ्यांच्या खिशात. बंदी उठू नये म्हणून पुढे काही रिफायनऱ्या वॉशिंग्टनमध्ये जोर लावत होत्या, तो काय ग्राहकाच्या कळवळ्याने?

बंदी येणारच नाही असं मी म्हणत नाही. 2015 च्या कायद्यानेच राष्ट्राध्यक्षांना आणीबाणी जाहीर करून वर्षभरापर्यंत निर्यात रोखण्याची मुभा ठेवली आहे. पण त्या आशेवर करार लांबवू नका. आकडे घेऊन याच आठवड्यात आपल्या सीपीएकडे (हिशेब तपासनिसाकडे) जा.

प्रश्न : अमेरिकी तेल आपल्या रिफायनऱ्यांना चालतं? (पुणे, विद्यार्थी)

चालतं, 2017 पासून येतंय. कोणाला किती, हे त्या तेलाचा प्रयोगशाळा अहवाल पाहिल्याशिवाय बोलू नये. प्राध्यापकांना विचारा.

प्रश्न : टेलिग्रामवरचे एक सल्लागार म्हणतात, तेल शून्याखाली जाऊच शकत नाही. एमसीएक्सवर (भारतातला वस्तूंचा वायदे बाजार) पैसे लावू? (नाशिक)

20 एप्रिल 2020 रोजी अमेरिकी वायदा उणे 37.63 डॉलरवर बंद झाला. एमसीएक्सवरचा एप्रिलचा सौदा उणे 2,884 रुपयांना मिटवला गेला. ज्यांनी खरेदी करून ठेवली होती त्यांचं मुद्दल तर गेलंच, वर पदरचे भरावे लागले. या सल्लागारांकडे सेबीचा नोंदणी क्रमांक मागा आणि तो सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः ताडून पाहा. तोवर एक रुपयाही लावू नका.