'वेंट' की 'गॉन'?

अगं, इंग्रजी क्रियापदांच्या तीन रूपांची अख्खी यादी पाठ करत बसू नकोस. तारकर्लीत पाहुण्यांशी बोलताना रोज लागणारी दहा-बारा क्रियापदं आधी पक्की कर: गो-वेंट-गॉन, सी-सॉ-सीन, ईट-एट-ईटन. तिन्ही रूपं एका दमात, मोठ्याने म्हण, जिभेला वळण लागू दे.

मधलं रूप एकटं चालतं: 'द बोट वेंट ॲट सेव्हन'. तिसऱ्याच्या आधी आधार लागतोच, हॅव किंवा हॅज: 'द बोट हॅज गॉन'. सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- 'आय सीन अ डॉल्फिन', आधारच नाही.
- 'आय हॅव सॉ', आधार आहे पण रूप मधलं.
- 'डिड यू सॉ'. डिड आलं की मूळ रूप, 'सी'. ही चूक सगळ्यात चिवट, हिच्यावर जास्त मेहनत घे.

'येस्टरडे' म्हणालीस तर मधलंच रूप. हॅडचं नंतर बघू. उद्या जेटीवर दोन वाक्यं बोलून बघ, तुला जमेल.