कादंबरी निर्मात्याला कशी पाठवू?

प्रश्न : ताई, मी इंदूरला रामबागेत राहते. होळकरांच्या काळातल्या वाड्यावर माझी कादंबरी छापून आलीये. मुंबईचे एक निर्माते नवीन वेब सिरीजसाठी गोष्टी मागवतायत, तर सरळ पुस्तकच कुरिअर करू का? कोणी चोरली तर?

उत्तर : अगं थांब, कुरिअर नको एवढ्यात! आधी प्रकाशकाबरोबरचा करार काढून बघ, सिनेमा-सिरीजचे हक्क तुझ्याकडेच आहेत ना, कारण बरेच जण न वाचताच सही करतात आणि मग नंतर अडकतात. हक्क तुझे असतील तर दोन पानी सारांश लिही, शेवट लपवू नकोस हं, निर्मात्याला सगळं कळायला हवं. आणि मुंबईत कुणाला पाठवतेयस तर हिंदीतही करून ठेव, इंदूरच्या माणसाला ते काय अवघड!

चोरीचं म्हणशील तर नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, लिहिलेल्यावर असतो आणि तो लिहिल्याबरोबर आपोआप मिळतो. तरी सारांश, पटकथा स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये, म्हणजे पटकथा लिहिणाऱ्यांच्या संघटनेत, मेंबर होऊन ऑनलाइन रजिस्टर कर, तारखेचा पुरावा राहतो. पाठवायचं ते ईमेलनंच.

त्यांना आवडली तर करारात मुदत लिहून घेच, कारण 1957 च्या कॉपीराइट कायद्यात मुदत लिहिली नसेल तर हक्क 5 वर्षांसाठी दिले असं धरतात. वाचायचे पैसे मागितले तर मात्र अजिबात देऊ नकोस गं, गोष्ट तुझी आहे, पैसे त्यांनी द्यायचे.