आमच्या तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांवरची रानभाज्यांची आणि औषधी वनस्पतींची माहिती लिहून काढायची आहे, त्यातून तिथल्या लोकांना चार पैसेही मिळावेत. सुरुवात कुठून करू?

रानभाज्यांपासून करा. औषधांना इतक्यात हात लावू नका. का ते पुढे सांगतो.

शहापूर-मुरबाडकडे मी अशा नोंदी घेतल्या आहेत. बहुतेक जण फोटो, शास्त्रीय नाव आणि 'उपयोग : भाजी' एवढं लिहून मोकळे होतात. गावाला त्याचा काडीचा उपयोग नाही. शेवळाचंच बघा. पावसाच्या तोंडावर, पान फुटायच्या आधी, जमिनीतून नुसता फुलाचा कोंब वर येतो. तो सोलायचा, आतल्या दांड्याचा तळचा पिवळा, दाणेदार भाग काढून टाकायचा, नाहीतर घसा खवखवलाच म्हणून समजा. शिजवताना काकडाची आंबट फळं घालायची. म्हणून तर बाजारात शेवळाच्या जुडीशेजारी काकडं मांडलेली असतात. इथवरची माहिती कोणीही देईल. कातकरी-ठाकूर बायांना याच्या पुढचं ठाऊक असतं: कुठल्या उतारावर आधी उगवतं, कंद का उपसायचा नाही, बियाण्यासाठी किती कोंब सोडायचे, पूर्वी मिळायचं पण आता कुठे दिसत नाही. विकायचं ठरलं की नेमकं हेच लागतं. ठाणे-कल्याणात शेवळाला गिऱ्हाईक भरपूर, सीकेपी घरांत तर वाटच बघतात. किती सोडायचं हे गावानं ठरवलं नसेल, तर मागणीच्या मागे रान ओरबाडलं जाणार.

हे ओसरीवर बसून विचारू नका. तिथे पुरुषच बोलतात. बायांबरोबर, गुराख्यांबरोबर रानात जा.

आधी ग्रामपंचायतीत चौकशी करा. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावाची जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावच्या वनस्पती-प्राण्यांची आणि लोकांना त्यांच्याबद्दल असलेल्या माहितीची वही, असायला हवी. त्यासाठी राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, वर दंडाची तंबी दिली. त्या घाईतल्या काही वह्या मी चाळल्या आहेत. शेजारच्या गावाची यादी जशीच्या तशी उचललेली! तशी असेल तर तीच दुरुस्त करा, नवं पुस्तक काढत बसू नका.

आता औषधांचं. केरळातल्या काणी आदिवासींनी १९८७ मध्ये शास्त्रज्ञांना 'आरोग्यपच्च' या वनस्पतीची फळं दाखवली. त्यातून 'जीवनी' हे औषध झालं, १९९५ मध्ये कोइम्बतूरच्या एका कंपनीला दहा लाखांत परवाना गेला आणि निम्मा वाटा काणींचा ठरला. त्या शास्त्रज्ञांची संस्था प्रामाणिक होती म्हणून एवढं तरी झालं. तुम्ही पाड्यांवरची तशी माहिती इंटरनेटवर टाकलीत तर वाटा मागायचा कोणाकडे?

पैशांचा खरा रस्ता वनहक्क कायद्यातून जातो. सामूहिक हक्क मिळाला की गौण वनोपजाची, म्हणजे इमारती लाकूड सोडून रानातून मिळणाऱ्या मालाची, मालकी ग्रामसभेची. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला तो २००९ मध्ये मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती आलं. तुमच्या पाड्यांचा दावा दाखल आहे का, ते बघा.

आणि पहिला फोटो काढण्याआधी ग्रामसभेचा ठराव घ्या: वही कोणाकडे राहील, कोणती पानं बाहेरच्याला दाखवायची नाहीत, तुम्हाला प्रत मिळेल की नाही. नाही म्हणाले, तर वही तिथेच ठेवून या.