बहीण नवऱ्याचा मार सहन करून शेवटी माहेरी परभणीला आली, आता सेफ आहे तरी कडी वाजली की दचकते, असं का?
होतं ताई असं. मार थांबला तरी भीती लगेच जात नाही, इतकी वर्षं पावलांच्या आवाजावरून नवऱ्याचा मूड ओळखत काढली तर आता गल्लीत बाईक थांबली तरी जीव धडधडणारच. मधेच त्याच्याच आठवणीनं रडेल पण, तेव्हा "मग आलीस कशाला" असं चुकूनही म्हणू नका, आणि बाहेरचं झालंय म्हणून देवऋष्याकडं तर अजिबात नेऊ नका, आपल्याकडं हे फार चालतं. महिन्याच्या वर झोप नसेल, तेच तेच डोळ्यापुढं येत असेल तर सरकारी दवाखान्यात मानसोपचार डॉक्टरला दाखवा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जीव द्यायचं बोलली तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.